राउटरचा अकाली मृत्युदाखला

घरातील राउटरवर नवे फर्मवेअर चढविले जात असताना वीज जाते. ती परतल्यावर यंत्राचे दिवे लुकलुकतात, इंटरनेट मात्र येत नाही. असे यंत्र दुकानात नेले की ‘हे संपले, नवे घ्या’ असा निवाडा मिनिटभरात मिळतो. परीक्षेच्या अर्जाची मुदत डोक्यावर असलेल्या विद्यार्थ्याला वाद घालण्याची उसंत नसते; तो मुकाट्याने पैसे मोजतो. या निवाड्याला आमची हरकत आहे, कारण तो पुष्कळदा चुकीचा असतो.

फर्मवेअर म्हणजे राउटरच्या फ्लॅश स्मृतीत साठविलेली त्याची कार्यप्रणाली. ती अर्धवट लिहिली गेली तर यंत्र उभे राहत नाही, हे खरे. परंतु त्याच यंत्रात बूटलोडर नावाचा एक छोटा, स्वतंत्र प्रोग्राम असतो आणि नेहमीचे अद्ययावतीकरण सहसा त्याला हात लावीत नाही. अनेक राउटरांत वीज मिळताच तो काही सेकंद नव्या फाइलची वाट पाहतो. म्हणून संगणक तारेने जोडावा, त्याला १९२.१६८.१.२ यासारखा स्थिर पत्ता द्यावा आणि रिसेटची कळ दाबून धरून राउटर सुरू करावा. काही यंत्रांत मग १९२.१६८.१.१ या पत्त्यावर एक साधे पान उघडते व तेथून फाइल चढविता येते. काहींत टीएफटीपी या जुन्या पद्धतीचा आश्रय घ्यावा लागतो. यंत्र चालू असताना नुसती कळ दाबून हे साधत नाही. त्याने फक्त सेटिंग पुसली जातात. फाइल मात्र त्याच मॉडेलची आणि त्याच हार्डवेअर आवृत्तीची हवी. लिंक्सिसच्या प्रसिद्ध डब्ल्यूआरटी५४जी या राउटरची पाचवी आवृत्ती २००५ मध्ये आली तेव्हा नाव तेच राहिले. आत मात्र स्मृती निम्मी झाली आणि लायनक्सच्या जागी वेगळीच प्रणाली बसली. पेटीवरचे नाव वाचून फाइल निवडणाऱ्याने काय करावे?

एवढी साधी माहिती ग्राहकाला का मिळत नाही, हा खरा प्रश्न आहे. सोबतच्या पुस्तिकेत हमीच्या अटी अनेक भाषांत छापलेल्या असतात. यंत्र जिवंत करण्याची रीत बहुधा एकाही भाषेत नसते. फर्मवेअरच्या दोन प्रती ठेवून, नवी बिघडल्यास जुनीवर परतण्याची सोय करता येते आणि काही यंत्रांत ती आहेही. स्वस्त यंत्रांत स्मृतीचे चार पैसे वाचविण्यासाठी तिला फाटा दिला जातो.

उत्पादक सुरक्षिततेकडे बोट दाखवितात. ती सबब पोकळ नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये अमेरिकेतील एका इंटरनेट पुरवठादाराचे सहा लाखांहून अधिक राउटर घुसखोरांनी ७२ तासांच्या आत निकामी केले व ते बदलावेच लागले. पण सुरक्षिततेसाठी ग्राहकाला अंधारात ठेवावे लागते, हे त्यावरून सिद्ध होत नाही. अमेरिकेच्याच दूरसंचार आयोगाने २०१६ मध्ये टीपी-लिंक या कंपनीला रेडिओची शक्तिमर्यादा मोडू दिल्याबद्दल दोन लाख डॉलर दंड केला आणि त्याच तडजोडीत मुक्त फर्मवेअर लिहिणाऱ्यांशी सहकार्य करण्याचेही तिच्याकडून कबूल करून घेतले. अशा लेखकांचे ओपनडब्ल्यूआरटी २००४ पासून चालू आहे आणि उत्पादकांनी वाऱ्यावर सोडलेली कितीतरी यंत्रे त्यावर आजही काम देतात.

आपल्याकडे केंद्राने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी स्वतंत्र संकेतस्थळ उघडले. त्याचे स्वागतच आहे. परंतु राउटरच्या पेटीत मराठीतून पुनरुज्जीवनाचे एक पान घालण्याची सक्ती त्याहून उपयोगी ठरेल. पुरवठादाराच्या राउटरांचा प्रश्न तर याहून सरळ आहे. तेथे फर्मवेअर पुष्कळदा तोच दुरून चढवितो, ग्राहकाला विचारीतही नाही. त्या खटाटोपात यंत्र बंद पडले तर बदलीचा खर्च ग्राहकाच्या बिलात घालण्याचा त्याला नैतिक अधिकार नाही. अशी रक्कम मागितली गेल्यास लेखी कारण मागावे आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.