फोन आहे, रिचार्ज आहे, तरी वेबसाइट का उघडत नाही?

नंदुरबार : देशातले पहिले आधार कार्ड 29 सप्टेंबर 2010 रोजी आपल्याच जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिले गेले. आज पीएम किसान असो की लाडकी बहीण, ई-केवायसीसाठी सगळे आधार आणि ओटीपीवर येऊन थांबते. पण ज्या घरात बटनाचा नाहीतर सात-आठ वर्षे जुना टच फोन आहे, तिथे वेबसाइटच उघडत नाही. पांढरे पान दिसते, नाहीतर चकरी फिरत राहते. लोक म्हणतात, नेटवर्क खराब. पण हे अर्धेच खरे आहे.

पान जड, रेंज कमी

धडगाव, अक्कलकुव्याच्या डोंगरात रेंज कमी, हे सगळ्यांना माहीत आहे. टूजीवर सेकंदाला 100 किलोबिट वेग मिळाला, तर 3 एमबीचे एक पान उघडायला 4 मिनिटे लागतात. मोठमोठे फोटो आणि सरकत्या पट्ट्या टाकल्या की पान एवढे जड सहज होते. तोवर ओटीपीची वेळ संपत येते आणि सगळे पहिल्यापासून करावे लागते.

ब्राउझर जुना

शहाद्यात, नवापुरात रेंज चांगली आहे, तरी हीच तक्रार. याचे कारण ब्राउझर. 2017 मध्ये 1500 रुपये अनामत घेऊन जिओफोन आला. त्यात रॅम 512 एमबी आणि ब्राउझर 2016 च्या फायरफॉक्सवर बनवलेला. आजच्या वेबसाइट नव्या पद्धतीने लिहिलेल्या असतात. जुन्या ब्राउझरला त्या समजत नाहीत. मग कॅप्चा दिसत नाही, बटन दाबले तरी काही होत नाही. टच फोनचेही तेच होत चालले आहे. अँड्रॉइड 8 आणि 9 च्या फोनला ऑगस्ट 2025 पासून क्रोमचे नवे अपडेट मिळत नाही.

घरी काय करून पाहावे?

- फोनची तारीख-वेळ तपासा. तारीख चुकली की 'कनेक्शन सुरक्षित नाही' असे येते आणि पान अडते.
- फोनमधली जागा मोकळी करा, ब्राउझर अपडेट करा.
- कागद डाउनलोड होत नसेल तर ब्राउझरच्या सेटिंगमध्ये 'पॉप-अप' चालू करा. पुष्कळदा कागद नव्या खिडकीत उघडतो आणि ब्राउझर ती अडवतो.
- ऑपेरा मिनी पान आपल्या सर्व्हरवर आवळून पाठवते, म्हणून बातम्या, बाजारभाव वाचायला ते हलके पडते. पण आधार, बँकेचे काम त्यात करू नका. फॉर्म अर्ध्यात अडकतो आणि माहितीही दुसऱ्याच्या सर्व्हरवरून जाते.
- दुसऱ्याच्या फोनवर काम केले तर 'इन्कॉग्निटो'मध्ये करा. ओटीपी स्वतः टाका, सांगू नका.

खरा खर्च कोणाचा?

एवढे करूनही पान उघडले नाही की तालुक्याला जावे लागते. एसटीचे भाडे, केंद्रावरचे पैसे आणि दिवसाची मजुरी, तिन्ही जातात. सर्व्हर बंद असला तर दुसऱ्या दिवशी परत तेच. यात जास्त भरडले जातात ते म्हातारे आणि घरातला सगळ्यात जुना फोन ज्यांच्या वाट्याला येतो त्या बायका. म्हणजे योजना ज्यांच्यासाठी, तेच बाहेर राहतात.

दोष फक्त फोनवाल्याचा नाही. फोटो नसलेले, फक्त अक्षरांचे हलके पान बनवणे अवघड काम नाही. काम कुठपर्यंत झाले, हे एसएमएसने कळवता येते. तोवर ग्रामसभेत ठराव करून ई-केवायसीचे शिबिर गावातच मागता येईल. योजना मोबाईलवर आणायची असेल, तर ती सगळ्यात स्वस्त मोबाईलवर उघडते का, हे आधी धडगावच्या डोंगरात उभे राहून तपासायला पाहिजे.