तुळशीच्या लग्नापासून नाताळापर्यंत

पावसाळ्याच्या तोंडावर एका मुलीचा फोन आला. "भाऊ, आम्ही दोघं, दोघांच्या आया आणि एक मैत्रीण. एवढीच माणसं. सातपुड्यात कुठंतरी लग्न लावायचंय. सगळं हिरवंगार कधी असतं तेवढं सांगा, त्या बेताने रजा टाकते."

असे फोन आता आमच्या नवापूरसारख्या गावातल्या फोटो स्टुडिओतही येतात. मे २०२० मध्ये लग्नाला पन्नास माणसांची मर्यादा आली. एप्रिल २०२१ मध्ये आपल्या राज्यात ती पंचवीस माणसं आणि दोन तास इतकी खाली आली. निर्बंध उठले, मांडव पुन्हा भरले. पण मोजक्या माणसांत, शांतपणे लग्न लागू शकतं हे काही घरांनी तेव्हा पाहिलं आणि ते त्यांच्या मनात राहिलं. शहरातले आयोजक अशा लग्नाला 'इलोपमेंट' म्हणतात. आपल्याकडे पळून जाऊन केलेलं लग्न ही फार वेगळी गोष्ट आहे, तिच्याकडे पुढे येतो. आधी त्या मुलीच्या प्रश्नाचं बघू, कारण आपल्यातले बहुतेक छायाचित्रकार त्याला 'ऑगस्ट' हे उत्तर देतात, आणि माझ्या मते ते चुकीचं आहे.

मीही ते देत होतो. एका ऑगस्टमध्ये एक जोडपं घेऊन तोरणमाळला गेलो. अकराशे मीटरच्या आसपासची उंची, यशवंत तलाव, सीताखाईचा कडा, सगळं डोक्यात पक्कं होतं. सात पायरीचा घाट चढेपर्यंत गाडीत एसी चालू. वर पोहोचून दार उघडलं, कॅमेरा बाहेर काढला आणि लेन्सवर क्षणात वाफ धरली. पुसली, पुन्हा धरली. काच बाहेरच्या हवेइतकी उबदार व्हायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. बॅग बंद ठेवून थांबायचं असतं हे तेव्हा ठाऊक नव्हतं. तोवर धुकं उतरलं. सीताखाईच्या कठड्याशी उभे असलेले नवरा-नवरी मला दहा पावलांवरून दिसेनात. शालू भिजून इतका जड झाला की नवरीला पाऊल उचलवेना. मुंडावळ्यांचा रंग तिच्या कपाळावर ओघळला. तिने एका शब्दाने तक्रार केली नाही. त्या दिवसाची कामाची म्हणावी अशी अकरा छायाचित्रं मी तिला देऊ शकलो. ती अकरा आजही माझ्याजवळ आहेत.

फोटो बिघडणं हा पावसाळ्याच्या विरुद्ध जाणारा छोटा मुद्दा. मोठा मुद्दा रस्त्याचा आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये धडगाव-तळोदा मार्गावरच्या चांदसैली घाटात दरड कोसळून वाट बंद झाली. एका माणसाला आजारी बायकोला खांद्यावर घेऊन घाट उतरावा लागला, आणि ती वाचली नाही. पावसाच्या महिन्यांत डोंगरातल्या एकपदरी रस्त्यावर आपल्या तीन गाड्या आडव्या लावून मिरवणुकीचे शॉट घेणं मला आता जमत नाही. तो रस्ता वरच्या पाड्यांना दवाखान्याशी जोडणारा एकमेव दोरा आहे.

राष्ट्रीय उद्यानांचं म्हणाल तर पावसाळ्यात प्रश्नच मिटतो. आपल्या नंदुरबार जिल्ह्यात राष्ट्रीय उद्यान नाही. आपल्याला जवळचं म्हणजे डांग ओलांडून गुजरातेतलं वांसदा, १९७९ मध्ये घोषित झालेलं, अंबिका नदीकाठचं, जेमतेम चोवीस चौरस किलोमीटरचं. महाराष्ट्रात खऱ्या अर्थाने डोंगरातलं हवं तर याच सातपुड्याच्या पूर्वेकडचं, मेळघाटातलं गुगामल, किंवा सह्याद्रीतलं चांदोली. मेळघाट-ताडोबासारख्या व्याघ्रप्रकल्पांच्या गाभ्यात साधारण जुलै ते सप्टेंबर पर्यटन बंद असतं. गीर तर १६ जून ते १५ ऑक्टोबर बंद. हा वन्यजीवांच्या विणीचा आणि चिखलवाटांचा काळ आहे. ओळखीने आत सोडतो म्हणणारा कोणी भेटला तर त्याच्या नादी लागू नका.

उद्यान उघडं असतानाही आत काय करता येतं हे ग्राहकाला पहिल्याच फोनवर सांगा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार छायाचित्रणासाठी परवाना लागतो, आणि अधिवासाला धक्का लागता कामा नये ही त्याची अट आहे. अभयारण्यात आग पेटवायला बंदी आहे आणि तोच नियम राष्ट्रीय उद्यानाला लागू आहे. म्हणजे होम नाही. होम नाही तर अग्नीभोवतीची सप्तपदी नाही. बँड, फटाके, परवानगीशिवाय ड्रोन, यातलं काहीच नाही. तेव्हा लग्न बाहेर लावायचं, एखाद्या गावच्या देवळात, शेताच्या बांधावर, ओळखीच्या घराच्या ओट्यावर, आणि मग दोघांना घेऊन दोन तास आत फिरून यायचं. मी हाच क्रम धरतो. आत फिरताना त्यांच्या अंगावर साधे कपडे असले तरी चित्र बिघडत नाही, उलट चालणं मोकळं होतं.

आता माझं उत्तर. तुळशीच्या लग्नापासून नाताळाच्या आधीपर्यंतचे आठवडे. दुसरा कुठलाही काळ सुचवताना मला आधी स्वतःशी भांडावं लागतं.

या दिवसांत पावसाने धुतलेली हवा अजून स्वच्छ असते आणि ऑक्टोबरची उकाड्याची झळ उतरलेली असते. नदीनाल्यांना पाणी असतं. नवापूरच्या रंगावलीचा काठही तेव्हा देखणा असतो. भात कापून झालेला असतो, पण शेतं मोकळी वाटत नाहीत, कारण तूर उभी असते. नवापूरच्या तुरीच्या डाळीला भौगोलिक मानांकन आहे, हे आपल्याला ठाऊक असतं. तूर फुलावर असताना तिच्या शेताच्या कडेला नवरीला उभं करून पाहिलंय का? खांद्याइतक्या उंचीची ती बारीक पिवळी फुलं, मागे सोनेरी झालेल्या गवताचा उतार, आणि त्याच्या मागे सागाचं रान, ज्याची पानं अजून गळलेली नाहीत. हिरवा, पिवळा आणि सोनेरी हे तिन्ही रंग एका चौकटीत मावतात. ऑगस्टमध्ये नुसता हिरवा मिळतो, आणि ढगाळ उजेडात तो हिरवा रंग चेहऱ्यांवर परावर्तित होतो. नंतर संगणकावर तो काढताना जीव जातो.

उजेडाचा हिशेब तर फारच बाजूने आहे. आपण एकवीस अक्षांशांवर आहोत. मेच्या शेवटच्या आठवड्यात इथे दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो, शून्य सावलीचा एक दिवस तेव्हाच येतो. कपाळाची सावली डोळ्यांत पडते, नथीची ओठांवर, आणि सकाळी नऊपासून दुपारी चारपर्यंत छत्री-डिफ्युझरशिवाय चेहरा काढता येत नाही. डिसेंबरात तोच सूर्य भर दुपारीही जेमतेम पंचेचाळीस अंशांवर असतो. दिवसभर तिरपा, गालाची गोलाई दाखवणारा उजेड. सूर्योदय सातच्या सुमारास, सूर्यास्त सहाच्या आत-बाहेर. आयांना पहाटे चारला उठवावं लागत नाही आणि रात्री घाट उतरावा लागत नाही.

यात एकच फसगत आहे आणि नवे छायाचित्रकार तिच्यात हमखास अडकतात. मोबाइलवर दिसणारी सूर्यास्ताची वेळ सपाट क्षितिजाची असते. दरीत सूर्य डोंगराआड आधीच जातो. यासाठी मुठीचा हिशेब ठेवा. हात लांब करून धरलेली मूठ म्हणजे सुमारे दहा अंश, आणि सूर्य तासाला पंधरा अंश सरकतो. पश्चिमेचा कडा क्षितिजापासून दीड मूठ वर असेल तर तुमचा उजेड तासभर किंवा त्याहून थोडा आधी संपणार. तारखेच्या आठ-दहा दिवस आधी जाऊन उभं राहा आणि घड्याळ लावून बघा.

थंडीचं भान मात्र हवं. डाब, तोरणमाळ भागात कडाक्याच्या थंडीत दव गोठल्याच्या बातम्या येतात. नवापुरात स्वेटर पुरतो म्हणून वरही पुरेल असं नाही. नवरीला खांद्यावर घ्यायला घोंगडी बरोबर ठेवा. ती फोटोतही शोभते. नाताळ ते एकतीस डिसेंबर तोरणमाळ आणि सापुतारा दोन्ही गर्दीने भरून जातात, म्हणून माझी हद्द तिथे संपते. आणखी एक. मार्गशीर्षात आपल्या आणि डांगच्या डोंगरांत डोंगऱ्या देवाचा उत्सव चालतो. रात्री वरच्या अंगाला पावरी ऐकू आली तर ते कुणाचं तरी व्रत आहे. कॅमेरा घेऊन तिकडे धावू नये. कुणी बोलावलं तर हात जोडून बसावं.

वसंताचा मोह मलाही होतो. फेब्रुवारी-मार्चमधला पळस पाहून कुणाचंही मन हलेल. पण १५ फेब्रुवारीपासून वणव्याचा हंगाम सुरू होतो आणि वनखात्याची माणसं पुढचे चार महिने डोळ्यांत तेल घालून असतात. त्यातच मोह फुलतो. पहाटेचा कोवळा उजेड, खाली पडलेली टपोरी फिकट पिवळी फुलं, त्यावर उभं असलेलं जोडपं. असं एक चित्र गेल्या दोन वर्षांत मी बऱ्याच अल्बमांत पाहिलं. त्या फुलांवर आपण पाय देत असतो. इथल्या रानात बहुतेक मोहाच्या झाडाला घर असतं. या झाडाखालची फुलं अमक्या घराची, हे गावात सगळ्यांना ठाऊक असतं. त्या घरची बाई अंधार असतानाच टोपली घेऊन निघते, कारण ऊन चढायच्या आत फुलं उचलावी लागतात. तिने आदल्या दिवशी झाडाखालचा पाचोळा झाडून जागा स्वच्छ केलेली असते. आपल्याला ती 'तयार जागा' वाटते. ती तिची वर्षाची कमाई आहे. तिला विचारा, तिचं वेचून होऊ द्या, मग उभे राहा. संपूर्ण नवापूर तालुका अनुसूचित क्षेत्रात आहे. गावचा कारभारी, पोलीस पाटील, सरपंच यांच्याशी बोलल्याशिवाय कुठल्याही पाड्यावर ट्रायपॉड उघडू नये, असं मी माझ्या स्टुडिओतल्या मुलांना सांगून ठेवलंय.

हे सगळं बाहेरून येणाऱ्यांचं झालं. आपल्या मावची, कोकणी, भिल, पावरा घरांतलं जोडपं छोटं लग्न करायचं म्हणालं तर माझं उत्तर बदलतं. दिवाळीनंतर इथली कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत जातात. डिसेंबरात ज्या पाच माणसांनी जवळ असावं असं मुलाला वाटतं, त्यातली तीन फडात कोयता चालवत असतात. त्यांच्यासाठी होळीनंतरचे आठवडेच खरे. तेव्हा ऊन सोसा, सकाळी साडेसहाला उभे राहा, दुपारी घरातल्या सावलीत काढा, पण माणसं असतील तेव्हाच तारीख धरा. आणि होळीआधीच्या भोंगऱ्या बाजारात 'पळून जाणारी जोडपी' टिपायला येणाऱ्या शहरी पाहुण्यांना वाट दाखवू नका. भोंगऱ्या हा सणाच्या खरेदीचा बाजार आहे. बाजाराला आलेल्या मुलींच्या चेहऱ्यांवर आपण कुठलीही कथा चिकटवू नये.

कागदांबद्दलही तारखेआधीच बोलायला हवं. विशेष विवाह कायद्याखाली लग्न करायचं तर दोघांपैकी एक जण किमान तीस दिवस त्या जिल्ह्यात राहत असावा लागतो, नोटिशीनंतर तीस दिवस थांबावं लागतं, आणि नोटीस तीन महिन्यांत वापरावी लागते. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातली नोटीस डिसेंबरअखेरपर्यंत चालते, म्हणजे आपल्या हंगामात नेमकी बसते. पुण्या-सुरतेच्या जोडप्याने ते स्वतःच्या जिल्ह्यात उरकून इथे यावं. हिंदू विवाह कायद्याखालच्या जोडप्याला सर्वोच्च न्यायालयाचा २०२४ चा निकाल सांगा. विधी झाल्याशिवाय नुसत्या नोंदणीने लग्न होत नाही. अनुसूचित जमातींना तो कायदा सरसकट लागू नाही, त्यांची रूढी हाच त्यांचा विवाहविधी. आणि वयाचे दाखले स्वतःच्या डोळ्यांनी बघा. मुलगी अठरा, मुलगा एकवीस. २००६ च्या कायद्यात बालविवाह लावणाऱ्याला आणि त्याला साहाय्य करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. आपल्या जिल्ह्यात हा प्रश्न अजून मिटलेला नाही. दाखला दाखवायला कोणी टाळाटाळ केली तर बयाणा परत करा.

शेवटी ते दुसरं 'इलोपमेंट'. कधीतरी असं जोडपं येतं ज्यांच्या घरी कुणालाच माहीत नाही आणि ज्यांना घरच्यांची भीती आहे. त्यांच्यापुढे हंगामाची चर्चा करू नका. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा जोडप्यांसाठी प्रत्येक जिल्ह्यात विशेष कक्ष असावा असा आदेश दिलाय, तिथपर्यंत त्यांना पोहोचवा. त्यांचा एकही फोटो, अगदी हातांचा किंवा पाठमोरा असला तरी, तुमच्या पानावर टाकू नका. पार्श्वभूमीतल्या डोंगरावरून ठिकाण ओळखणारी माणसं असतात.

त्या मुलीला मी डिसेंबरचा पहिला आठवडा सांगितला. ती जरा हिरमुसली. "तेव्हा हिरवं नसेल ना?" मी तिला मागच्या वर्षीचा तुरीच्या बांधावरचा एक फोटो पाठवला. बराच वेळ उत्तर आलं नाही. मग तिने विचारलं, "आईचे गुडघे दुखतात, तिथपर्यंत गाडी जाते का?" जाते, असं कळवलं आणि त्या शेतमालकाला फोन लावला.