मेमध्ये घेतलेली गिटार जुलैत का रुसते?

उन्हाळी सुटी लागली आणि दहावी-बारावीचे निकाल जवळ आले, की जळगाव व धुळ्यातील अनेक घरांत गिटारचा विषय निघतो. साधारण ८ ते २० हजार रुपयांच्या टप्प्यातील अकूस्टिक गिटार ही मध्यमवर्गीय घरासाठी किरकोळ खरेदी नव्हे. साहजिकच मोबाइलवर दहा वाद्यांची तुलना केली जाते. लाकूड, पिकअप, चमक आणि सवलत या चार रकान्यांत ही तुलना आटोपते. खान्देशात मात्र पाचवा रकाना निर्णायक ठरतो, तो हवामानाचा. तो कोरा राहिल्यामुळे चांगले वाद्यही कोपऱ्यात पडते आणि दोष मुलाच्या बोटांना दिला जातो.

ग्राहकापुढील पर्याय वाढले आहेत, यात शंका नाही. एकेकाळी स्थानिक दुकानातील कोलकाता बनावटीची गिटार घ्यायची किंवा १८६५ पासून वाद्यविक्रीत असलेल्या मुंबईच्या फुर्ताडोजसारख्या पेढीची वाट धरायची, एवढीच निवड असे. आता इंडोनेशिया, चीन आणि भारतात तयार झालेली वाद्ये कुरियरने घरपोच येतात. करानेही थोडा हातभार लावला. जुलै २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर लागू झाला, तेव्हा गिटारवर २८ टक्के कर होता. त्याच वर्षी १५ नोव्हेंबरपासून तो १८ टक्क्यांवर आला. करापूर्वी साडेबारा हजार रुपये किंमत असलेल्या वाद्यावर हा फरक १,२५० रुपयांचा होतो. म्हणजे एक बरी पिशवी आणि तारांचे एक-दोन संच त्यात बसतात.

तथापि, खोक्यातून आलेल्या वाद्याला खान्देशची हवा ठाऊक नसते. गिटारसाठी हवेतील सुमारे ४५ ते ५५ टक्के आर्द्रता योग्य मानली जाते. एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळ पट्ट्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि दुपारची आर्द्रता अनेकदा २० टक्क्यांच्याही खाली उतरते. लाकूड आकसते, वरची फळी किंचित खाली बसते, तारा पट्टीजवळ येतात आणि फ्रेटची टोके हाताला टोचू लागतात. जूनच्या मध्यानंतर पाऊस आला, की सारे उलटे होते. फळी फुगते, ब्रिज वर उचलला जातो आणि तारा उंच होतात. मेमध्ये दुकानात हलकी वाटलेली गिटार जुलैत बोटे कापू लागते, त्याचे कारण बहुधा हेच असते. त्यात वाद्य कुलरसमोर टांगलेले असेल, तर दिवसातून दोनदा कोरडे-ओले होण्याची शिक्षा त्याला मिळते.

या दृष्टीने पाहिले, तर 'सॉलिड टॉप'चा आग्रह तपासून पाहावा लागतो. सॉलिड टॉप म्हणजे वरची फळी एकाच जातीच्या अखंड लाकडाची. लॅमिनेटेड म्हणजे पातळ थर चिकटवून केलेली. अखंड फळीचा नाद अधिक मोकळा असतो आणि वापराने तो खुलतो, हे खरे. मात्र आकसणे, फुगणे आणि तडकणे हेही तिच्याच वाट्याला अधिक येते. यामाहाची एफ ३१० आणि एफजी ८०० ही दोन परिचित वाद्ये उदाहरणादाखल घेता येतील. पहिलीची फळी थरांच्या स्प्रूसची आणि तारेची कंपन-लांबी ६३४ मिलिमीटर. दुसरीची फळी अखंड स्प्रूसची आणि लांबी ६५० मिलिमीटर. दुसरी आवाजात सरस आहे. पण आठवड्यातून दोन दिवस वाजवणाऱ्या आणि वाद्य भिंतीवर टांगून ठेवणाऱ्या नवशिक्यासाठी पहिलीच शहाणपणाची ठरू शकते. लांबी कमी असल्याने तारांचा ताणही किंचित कमी राहतो. रोज रियाज करणाऱ्याने आणि वाद्य पेटीत जपणाऱ्यानेच अखंड फळीचा खर्च करावा.

पट्टीच्या लाकडाबाबतही असाच गैरसमज आढळतो. शिसवाची पट्टी नसेल तर वाद्य हलके, असे मानले जाते. वास्तविक २ जानेवारी २०१७ पासून शिसवाच्या संपूर्ण कुळावर आंतरराष्ट्रीय व्यापाराचे निर्बंध आले. तयार वाद्यांना त्यातून २६ नोव्हेंबर २०१९ रोजी सूट मिळाली. मधल्या काळात अनेक उत्पादक अक्रोड आणि अन्य लाकडांकडे वळले. तो बदल कागदपत्रांच्या कटकटीमुळे झाला होता. त्यावरून दर्जा ठरवणे योग्य नाही.

मग पाहावे काय? आवाजाच्या छिद्राची कड नीट न्याहाळली, तर फळी अखंड आहे की थरांची, हे बहुधा कळते. बाराव्या फ्रेटवर तार आणि फ्रेट यांतील अंतर दोन ते अडीच मिलिमीटरच्या आसपास असावे. त्याच फ्रेटवर तार दाबून निघणारा स्वर आणि नुसत्या स्पर्शाने काढलेला हार्मोनिक एकमेकांशी जुळायला हवेत. मानेत ट्रस रॉड आहे ना, हे विचारावे. ऋतूनुसार मान सरळ करण्याचे साधन तेच असते. ऑनलाइन खरेदीत मूळ देश आणि परतीच्या अटी दाखवणे २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनी बंधनकारक आहे. पैसे भरण्यापूर्वीच त्या वाचलेल्या बऱ्या.

खरी उणीव दुकानांची नाही, दुरुस्तीच्या हाताची आहे. सतार बिघडली तर मिरजेचे नाव निघते. तेथील सतार आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. गिटारची मान, ब्रिज आणि फ्रेट यांची तशी जाण असलेला कारागीर प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी भेटेलच, असे नाही. त्यामुळे किरकोळ दोषासाठी वाद्य पुणे-मुंबईला धाडावे लागते आणि जाण्या-येण्याचा खर्च ऑनलाइन मिळालेली सवलत खाऊन टाकतो. स्थानिक दुकानदार हजार रुपये जास्त सांगत असेल, पण पावसाळ्यात एकदा तारांची उंची बसवून देत असेल, तर तो व्यवहार स्वस्तच म्हणावा लागेल.

अहिराणी गाण्यांनी यूट्यूबवर मोठा श्रोतृवर्ग मिळवला आहे. उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाचा 'युवारंग' महोत्सव जळगाव, धुळे आणि नंदुरबारच्या विद्यार्थ्यांना दरवर्षी मंच देतो. वाजवणारे वाढत असतील, तर वाद्य सांभाळणारेही तयार व्हायला हवेत. लाकूडकामात हात बसलेल्या तरुणांसाठी हा जोडधंदा होऊ शकतो. तोवर ग्राहकाने अंदाजपत्रकातील हजार-दीड हजार रुपये वाद्यावर न घालता पेटी, आर्द्रतामापक आणि पावसाळ्यातील एका दुरुस्तीसाठी राखून ठेवावेत. पंधरा हजारांच्या उंच तारांपेक्षा बारा हजारांच्या बसवलेल्या तारांवर मूल अधिक काळ टिकते.