दुखणे कायमचे, संरक्षण तात्पुरते

विशेष प्रतिनिधी

राज्यातील दुकाने व खासगी आस्थापनांमधील कामाचे दैनंदिन तास नऊवरून दहा करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये घेतला. गुंतवणूक, जादा कामाचा मोबदला आणि कामगारांची संमती या मुद्द्यांभोवती त्यावरील चर्चा फिरली. परंतु कंबर, मान, गुडघे वा सांध्यांचे जुनाट दुखणे अंगावर काढत नोकरी टिकवणाऱ्यांसाठी हा वाढीव तास म्हणजे काय, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही. अशा माणसाच्या लेखी एक तास अधिक बसणे वा उभे राहणे म्हणजे दुसऱ्या दिवशीची रजा असू शकते.

हा प्रश्न मूठभरांचा नाही. केवळ कंबरदुखीने जगभरात २०२० मध्ये ६१ कोटी ९० लाख लोक ग्रस्त होते आणि २०५० पर्यंत ही संख्या ८४ कोटींच्या पुढे जाईल, असा अंदाज जागतिक रोगभार अभ्यासाने २०२३ मध्ये मांडला. माणसाला जगू देणारे, पण कामापासून तोडणारे कारण म्हणून कंबरदुखीचा क्रमांक पहिला लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाची अकरावी आवृत्ती जानेवारी २०२२ पासून अमलात आली. तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या किंवा पुन:पुन्हा उद्भवणाऱ्या वेदनेला तीत स्वतंत्र स्थान मिळाले. वेदना हे दुसऱ्या आजाराचे लक्षण असते, तसा तो स्वतंत्र आजारही असू शकतो, हे वैद्यकशास्त्राने मान्य केले. आपल्याकडील रजा, विमा आणि करसवलतीच्या नियमांना मात्र ते अद्याप उमगलेले नाही.

चाळीस टक्क्यांची भिंत

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने दिव्यांगत्वाचे प्रकार सातवरून एकवीस केले. त्यात दीर्घकालीन वेदना हा प्रकार नाही. आरक्षण आणि बहुतेक सवलतींसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते. ही टक्केवारी सांध्याची हालचाल, स्नायूंची ताकद, अवयवाची हानी अशा मोजता येण्याजोग्या गोष्टींवर ठरते. वेदनेचा स्वभाव नेमका याच्या उलट. ती आज असह्य असते आणि उद्या सुसह्य. तपासणीच्या दिवशी रुग्ण जिना चढून गेला, तर आदल्या आठवड्यात तो अंथरुणातून उठू शकला नव्हता याची नोंद कुठल्याच रकान्यात होत नाही.

नाव यादीत असूनही प्रश्न सुटत नाही, याचे उदाहरण सिकलसेल आजाराचे. विदर्भ आणि नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात आढळणाऱ्या या आजारात तीव्र वेदनेचे झटके वारंवार येतात. २०१६ च्या कायद्याने त्याला दिव्यांगत्व मानले, पण सरकारी नोकरीतील चार टक्के आरक्षण ज्या गटांना लागू आहे, त्यांत त्याचा समावेश केला नाही.

या भिंतीला एक खिंडार सर्वोच्च न्यायालयाने पाडले आहे. लिहिताना हाताला पेटके येण्याचा विकार असलेल्या एका उमेदवाराला लोकसेवा आयोगाने लेखनिक नाकारला होता. ‘विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग’ या खटल्यात ११ फेब्रुवारी २०२१ रोजी न्यायालयाने स्पष्ट केले की, वाजवी सोयीसुविधांचा हक्क ४० टक्क्यांच्या अटीशी बांधलेला नाही. निकाल परीक्षेपुरता असला, तरी त्यामागचे तत्त्व कार्यालयालाही लागू पडते. उंची बदलता येणारे टेबल, गर्दीची वेळ टाळून येण्याची मुभा किंवा काही दिवस घरून काम या मागण्या मेहेरबानी ठरत नाहीत. कायद्याने वीस वा अधिक कर्मचारी असलेल्या खासगी आस्थापनांनाही समान संधी धोरण जाहीर करणे बंधनकारक केले आहे. ते धोरण मागून पाहणारे कर्मचारी मात्र विरळा. नोकरीत असताना दिव्यांगत्व आलेल्याला कामावरून काढता येत नाही, हे स्पष्ट संरक्षण सरकारी आस्थापनांपुरते आहे. त्यामुळे खासगी नोकरदार दुखणे लपवणेच पसंत करतो.

रजेचे गणित

महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने वर्षाला आठ नैमित्तिक रजा आणि कामाच्या दर वीस दिवसांमागे एक भरपगारी रजा दिली. आजारपणाची वेगळी रजा त्यात नाही. महिन्यातून एकच दिवस दुखण्याने गेला, तरी वर्षाचे बारा दिवस होतात. म्हणजे नैमित्तिक रजा आठव्या महिन्यातच संपते आणि पुढचे दिवस हक्काच्या रजेतून किंवा पगारातून जातात. मूळ कायदा दहा वा अधिक कामगारांच्या आस्थापनांना होता. ही मर्यादा वीसवर नेण्याचेही सप्टेंबर २०२५ मध्येच ठरले. लहान आस्थापनांतील नोकरदारांना ते परवडणारे नाही.

कर्मचारी राज्य विमा योजना त्या मानाने उदार. पात्र कामगाराला आजारपणात वर्षातून ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के, तर ठरावीक ३४ दीर्घकालीन आजारांत ८० टक्के रक्कम दोन वर्षांपर्यंत मिळू शकते. मणक्यातील गादी सरकणे या यादीत आहे, फायब्रोमायल्जिया नाही. शिवाय जानेवारी २०१७ मध्ये वेतनमर्यादा २१ हजार रुपये झाली. या हिशेबाने २० हजार कमावणारा घरी बसला, तर महिन्याला १४ हजारांचा आधार राहतो. २२ हजारांवर रुजू झालेल्याला मात्र एक रुपयाही नाही. शहरी कनिष्ठ मध्यमवर्ग नेमका या मर्यादेच्या किंचित वर उभा आहे.

विमा खाटेपुरता

खासगी आरोग्य विमा प्रामुख्याने रुग्णालयातील दाखल काळाचा खर्च देतो. वेदनेचा खर्च होतो तो बाहेर, म्हणजे तज्ज्ञांचे शुल्क, तपासण्या, गोळ्या आणि फिजिओथेरपीवर. समजा, एका वेळचे पाचशे रुपये आणि आठवड्यातून दोन खेपा धरल्या, तरी वर्षाला ५२ हजार रुपये होतात. राज्याच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे पाच लाखांचे कवचही मुख्यत: दाखल रुग्णांसाठीच आहे.

विमा घेताना दुखणे सांगितले तर हप्ता वाढण्याची धास्ती, आणि लपवले तर दावा फेटाळला जाण्याची. सांगणेच अंतिमत: स्वस्त पडते. आधीपासूनच्या आजारांसाठीचा प्रतीक्षाकाळ नियामकाने एप्रिल २०२४ पासून कमाल तीन वर्षांवर आणला आहे, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये वैयक्तिक आरोग्य विम्यावरील वस्तू व सेवा कर शून्य झाला.

खर्च कशावर होतो, हेही तपासण्यासारखे आहे. जुनाट कंबरदुखीवरील जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक तत्त्वे डिसेंबर २०२३ मध्ये आली. व्यायाम, रुग्णशिक्षण आणि मानसोपचार यांवर त्यांचा भर आहे. कमरेचा पट्टा आणि ट्रॅक्शन यांची नेहमीसाठी शिफारस त्यांनी केलेली नाही. आपल्याकडे अनेक घरांत पहिली खरेदी होते ती पट्ट्याचीच.

करसवलतीतही तीच अट आड येते. १९६१ च्या आयकर कायद्यातील ७५ हजार रुपयांची वजावट ४० टक्के दिव्यांगत्वावर, आणि तीही जुन्या करप्रणालीपुरती मिळत असे. बचत संपली की हात भविष्य निर्वाह निधीकडे वळतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये अंशत: रक्कम काढण्याचे नियम सुलभ करण्याचे ठरले आणि त्यात आजारपणाचा समावेश आहे. अडीअडचणीला ही सोय मोलाची खरी, पण दुखणे दरवर्षीचे असेल, तर म्हातारपणीची पुंजी पन्नाशीतच आटते. निवृत्तिवेतन योजनेचे अपंगत्व वेतनही संपूर्ण आणि कायमचे अपंगत्व आलेल्यालाच मिळते.

मधल्यांचे काय?

पूर्ण धडधाकट किंवा पूर्ण अपंग, अशा दोनच अवस्था या साऱ्या व्यवस्थेने गृहीत धरल्या आहेत. जुनाट वेदनेने ग्रासलेला माणूस मध्ये असतो. तो काम करू शकतो, पण रोज आणि सारखेच नाही. त्याला निवृत्तिवेतनाहून अधिक गरज आहे ती अर्धवेळ कामावर परतण्याच्या तरतुदीची, स्वतंत्र आजारी रजेची आणि बाह्यरुग्ण उपचारांना विम्यात जागा मिळण्याची. सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली असून तिने ॲपवर काम करणाऱ्यांनाही व्याख्येत घेतले आहे. तिच्याखालील योजना आखताना या मधल्या वर्गाचा विचार करण्याची संधी सरकारला आहे. मालकवर्गानेही एक हिशेब मांडून पाहावा. दहा वर्षांचा अनुभव असलेला कर्मचारी दुखण्यापायी गमावणे महाग, की त्याला एक बरी खुर्ची आणि दोन तासांची सवलत देणे?