मेमरी कार्डाची पारख

वर्षीतपाची आराधना सुमारे तेरा महिने चालते आणि तिची सांगता अक्षय तृतीयेला इक्षुरसाच्या पारण्याने होते. हस्तिनापुरात श्रेयांसकुमारांनी भगवान ऋषभदेवांना उसाचा रस वहोरावला, त्या प्रसंगाचे हे स्मरण. तपस्वी आजी किंवा सूनबाई तेरा महिने जे व्रत निष्ठेने पाळते, त्याचा पारण्याचा क्षण मात्र काही मिनिटांत सरतो. छायाचित्र बिघडले म्हणून तो पुन्हा घडवून आणता येत नाही. अशा प्रसंगासाठी कुटुंबे कॅमेरा पारखून घेतात, छायाचित्रकारही चौकशी करून ठरवतात. पण ज्यावर ते सारे टिपले जाणार, ते टपाल तिकिटाएवढे मेमरी कार्ड बहुधा शेवटच्या दिवशी, मिळेल तिथून आणि मिळेल त्या भावाने आणले जाते.

मोठ्या शहरात ही घाई एकवेळ खपून जाते. डहाणू तालुक्यातील रानशेत किंवा गंजाडसारख्या गावी मांडव उभा राहिला, पाहुणे आले आणि ऐन वेळी कॅमेऱ्याने कार्ड नाकारले, तर दुसरे आणायला डहाणूची बाजारपेठ गाठावी लागते. तिथेही हवे ते मिळाले नाही, तर मुंबईची लोकल. म्हणून कार्डाची खरेदी प्रसंगाच्या निदान पंधरा दिवस आधी झालेली बरी. त्या खरेदीत पाहायचे ते तीन गोष्टींकडे: जात, वेग आणि माप.

पहिली गोष्ट जात. कॅमेऱ्यांत सर्वाधिक चालणारे कार्ड एसडी या नावाचे आहे. त्यात साध्या एसडी कार्डाची मर्यादा २ जीबी, एसडीएचसीची ३२ जीबी आणि एसडीएक्ससीची २ टीबी. नवा कॅमेरा जुन्या जातीचे कार्ड वाचतो. मात्र जुना कॅमेरा नव्या जातीचे कार्ड वाचेलच असे नाही. घरात १५-२० वर्षांपूर्वीचा कॅमेरा असेल आणि त्यात ६४ जीबीचे कार्ड घातले, तर पडद्यावर केवळ चूक दाखवली जाईल. कॅमेऱ्यासोबत आलेल्या पुस्तिकेत कोणते कार्ड चालते ते लिहिलेले असते. दुकानात जाताना त्या पानाचा फोटो फोनमध्ये असला की पुरे.

दुसरी गोष्ट वेग. वेष्टनावर ठळक अक्षरांत छापलेला आकडा बहुधा वाचनाचा, म्हणजे कार्डावरून संगणकावर चित्रे उतरवण्याचा असतो. चित्रीकरणाच्या वेळी उपयोगी पडतो तो लेखनाचा वेग, आणि तो त्याहून कमी असतो. त्याची हमी लहान चिन्हांत दिलेली असते. इंग्रजी ‘सी’ अक्षरात १० असल्यास सेकंदाला किमान १० मेगाबाइट. ‘यू’ अक्षरात ३ असल्यास किमान ३०. ‘व्ही ३०’ म्हणजेही किमान ३०, तर ‘व्ही ६०’ म्हणजे ६०. खरेदीत ही चिन्हे पाहावीत.

येथे एक गोंधळ नेहमी होतो. कॅमेऱ्याच्या पुस्तिकेत चित्रफितीचा दर मेगाबिटमध्ये असतो आणि कार्डावरचा वेग मेगाबाइटमध्ये. भाव मणाचा आणि तोल किलोचा, असाच हा प्रकार. ८ बिटांचा १ बाइट होतो. कॅमेरा सेकंदाला १०० मेगाबिट दराने चित्रीकरण करत असेल, तर कार्डाला सेकंदाला साडेबारा मेगाबाइट लिहावे लागतात. त्यासाठी ‘व्ही ३०’ कार्ड पुरेसे आहे. केवळ मोठा आकडा म्हणून ‘व्ही ९०’ घेणे हा साध्या घरगुती कॅमेऱ्यासाठी व्यर्थ खर्च ठरतो.

तिसरी गोष्ट माप. वरच्याच दराने एक तासाच्या चित्रफितीला सुमारे ४५ जीबी जागा लागते. निव्वळ छायाचित्रांचे गणित निराळे. एक चित्र १० मेगाबाइटचे धरले, तर ३२ जीबीच्या कार्डावर सुमारे ३,००० चित्रे मावतात. ३२ जीबीचे कार्ड संगणकावर २९.८ जीबी दिसते, त्यात फसवणूक नाही. उत्पादक १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरतात, संगणक सुमारे १०७ कोटी धरतो. हा मोजण्याच्या रीतीतला फरक आहे. एकाच १२८ जीबी कार्डावर सारा सोहळा टिपण्यापेक्षा ६४ जीबीची दोन कार्डे बाळगणे शहाणपणाचे. सगळा माल एकाच गोदामात ठेवू नये, हे व्यापाऱ्याला सांगावे लागत नाही.

खरी फसवणूक होते ती नकली कार्डात. आतील स्मृती ८ जीबीचीच असते, पण कार्डातील नियंत्रक चिप अशी बदललेली असते की ती कॅमेऱ्याला ६४ जीबी सांगते. मापाच्या तळाशी मेण लावण्याची जुनी लबाडी येथे नव्या रूपात आली आहे. आरंभीची चित्रे नीट उमटतात. ८ जीबी भरल्यावर पुढची चित्रे वरकरणी साठवली जातात, पण उघडत नाहीत. कधी नवी चित्रे जुन्यांवरच लिहिली जातात. ग्राहकाला हे कळते ते सोहळा संपल्यावर.

श्रावकाच्या अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सांगितले आहेत. त्यांत हीनाधिक मानोन्मान, म्हणजे खोटे माप-तोल, आणि प्रतिरूपक व्यवहार, म्हणजे खऱ्याच्या नावाने खोटा माल विकणे, हे दोन आहेत. नकली कार्डात हे दोन्ही एकत्र येतात. मोबाइल, इलेक्ट्रॉनिक्स किंवा स्टेशनरीच्या दुकानात अशी कार्डे ठेवणाऱ्या व्यापारी बंधूंना म्हणूनच हा विषय ग्राहकापेक्षाही जवळचा आहे. घाऊक बाजारात नामांकित छापाचे कार्ड अर्ध्या भावात मिळते, तेव्हा ते स्वस्त का आहे हा प्रश्न खरेदीच्या वेळीच विचारायला हवा. दुकानदाराला नकलीपणा ठाऊक नसतो असेही घडते. पण प्रत्येक नव्या खेपेतील एखादे कार्ड तपासून पाहणे त्याच्या हाती असते.

ही तपासणी घरीही करता येते. एच२टेस्टडब्ल्यू आणि एफ३ हे संगणकावर चालणारे विनामूल्य प्रोग्राम आहेत. ते कार्ड पूर्ण भरतात आणि लिहिलेले सारे परत वाचून ताडून पाहतात. मोठ्या कार्डाला काही तास लागतात. ही परीक्षा कार्ड रिकामे असतानाच, परत करण्याची मुदत संपण्याआधी करावी आणि पक्के बिल जपून ठेवावे.

अस्सल कार्डही कायमचे नसते. पावसाळ्यात डहाणूच्या किनारपट्टीची दमट हवा, खिशातली धूळ, दिवा लुकलुकत असताना कार्ड बाहेर काढण्याची घाई, यांपैकी काहीही त्याला बाधू शकते. चित्रे चुकून पुसली गेली, तर त्या कार्डावर पुढे काहीच टिपू नये. पुसताना बहुधा केवळ अनुक्रमणिकेतील नोंद जाते, मूळ चित्र काही काळ तसेच राहते. जाणकाराला ते परत मिळवता येण्याची शक्यता असते.

प्रत काढण्याचे महत्त्व जैन परंपरेने फार पूर्वी ओळखले आहे. षट्खंडागमावरील धवला टीकेची प्राचीन ताडपत्रे कर्नाटकातील मूडबिद्री येथे शतकानुशतके जपली गेली. एकाच ठिकाणी राहिलेला हा ठेवा जीर्ण होऊन नष्ट होईल, ही काळजी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सोलापूरचे सेठ हिराचंद नेमचंद आणि मुंबईचे सेठ माणिकचंद यांनी वाहिली व नकला उतरवण्याच्या कार्याला चालना दिली. पुढे डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली त्याचा पहिला खंड १९३९ मध्ये अमरावतीहून प्रसिद्ध झाला. हे दोघेही व्यापारी घराण्यांतले होते.

घरच्या सोहळ्यासाठी इतके सायास लागत नाहीत. पारणे झाले की त्याच रात्री चित्रे संगणकावर उतरवावीत, दुसरी प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर घ्यावी आणि ती डिस्क मुंबईतल्या किंवा सुरतेतल्या नातलगांकडे ठेवावी. दोन्ही प्रती उघडून पाहिल्यावरच कार्ड कॅमेऱ्यात घालून फॉरमॅट करावे. तोवर त्यावर तारीख आणि तपस्वीचे नाव लिहिलेली चिठ्ठी लावून ते डबीत घालावे आणि वह्यांच्या कपाटात कुलपाआड ठेवावे.