अरुंद दरवाजा आणि आपला हिशेब

प्रार्थनासभेत अरुंद दरवाजाचा विषय निघाला की बोलणारा हमखास शेवटी फायद्यावर येतो. कठीण वाट धरली, म्हणून देवानं नोकरी दिली, घर झालं, मुलाला परदेशात सीट मिळाली. ऐकायला बरं वाटतं हो, पण मग ती वाट कठीण कसली? ते तर फिक्स्ड डिपॉझिट झालं!

पंडिता रमाबाईंकडे पाहिलं की हा हिशेब जुळत नाही. 1878 मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी ज्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटलं, त्यांना मानाची जागा आयती तयार होती. 1883 मध्ये इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि इकडे आपली माणसं दुरावली. बरं, तिकडे तरी सुख लागलं का? तर नाही. तरुणांना त्यांनी शिकवू नये म्हणून बिशपांनी हरकत घेतली. पटत नाही ते मत नुसतं चर्च सांगतं म्हणून मान्य करायला बाई तयार नव्हत्या, तसं त्यांनी पत्रांतून स्पष्ट कळवलं. दोन्हीकडचा रोष पत्करला. आपण पहिल्या रोषाचं कौतुक करतो, दुसऱ्याबद्दल गप्प बसतो. माझ्या मते दुसरा जास्त अवघड होता.

1893 मध्ये पुण्यातल्या शारदा सदनातून पालकांनी मुली काढून नेल्या. एवढी वर्षं खपून उभं केलेलं घर अर्धं रिकामं झालं. तेव्हा कुठलं बक्षीस आलं? पुढे 1896-97 चा दुष्काळ पडला, तशा बाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुली-बायकांना घेऊन आल्या. त्यातून केडगावची ‘मुक्ती’ वाढली.

आणि आपल्या मंडळाला जवळची गोष्ट म्हणजे बायबलचं भाषांतर. मराठी बायबल तेव्हा होतंच. पण ते साध्या बायकांना कळायला जड जातं, म्हणून संस्कृतात मुरलेल्या या बाई उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, आणि वर्षानुवर्षं साधी मराठी लिहीत बसल्या. (आपल्याला दोन पानांचा मराठी निबंध लिहायचा कंटाळा येतो, इंग्रजीत ‘स्कोप’ आहे म्हणून!) 1921 मध्ये मनोरमा, एकुलती एक मुलगी, गेली. 5 एप्रिल 1922 ला रमाबाई गेल्या. संपूर्ण बायबल 1924 मध्ये बाहेर आलं. म्हणजे बांधलेलं पुस्तक हातात घ्यायचंसुद्धा त्यांच्या वाट्याला आलं नाही. चर्चमध्येही ते भाषांतर फारसं रुळलं नाही.

मग मिळालं काय, असं कुणी विचारेल. मुक्तीच्या छापखान्यात टाइप जुळवायला बसल्या होत्या त्या तिथल्याच बायका. ज्यांना अक्षर ओळखू येत नव्हतं अशा घरांतून आलेल्या, आणि आता हिब्रू-ग्रीकची अक्षरंसुद्धा हाताळणाऱ्या.