जुन्या ‘पीएसपी’वर जुने गेम : चोरी की जतन?

सोनीचा ‘प्लेस्टेशन पोर्टेबल’ अर्थात पीएसपी १२ डिसेंबर २००४ रोजी जपानमध्ये विक्रीला आला. म्हणजे हातात मावणारे हे यंत्र आता वीस वर्षांहून जुने झाले. त्याचे उत्पादन केव्हाच थांबले, तरीही जगभरातली हौशी मंडळी ते जपून आहेत. याला कारण केवळ पीएसपीचे स्वतःचे गेम नाहीत. त्याच्याहूनही जुन्या यंत्रांचे मारिओ, काँट्रा, पोकेमॉन असे गेम त्यावर ‘एम्युलेटर’च्या मदतीने खेळता येतात. या प्रकाराला काही जण सरसकट चोरी म्हणतात, तर काही जणांच्या मते जुने झाले ते सगळे फुकट. दोन्ही मते चुकीची आहेत, आणि या गोंधळात खरा प्रश्न बाजूला पडतो.

एम्युलेटर करतो काय?

एम्युलेटर म्हणजे दुसऱ्या यंत्राचे सोंग घेणारे सॉफ्टवेअर. जुना गेम त्याच्या मूळ यंत्राच्या भाषेत सूचना देतो. एम्युलेटर दुभाष्यासारखा मध्ये बसून त्या नव्या यंत्राला समजावतो. एका सूचनेच्या भाषांतरासाठी अनेक सूचना खर्ची पडतात, म्हणून सोंग घेणारे यंत्र मूळ यंत्राच्या कितीतरी पट वेगवान लागते. निन्टेंडोच्या ‘गेम बॉय अ‍ॅडव्हान्स’चा प्रोसेसर सुमारे १७ मेगाहर्ट्झचा, तर पीएसपीचा कमाल वेग ३३३ मेगाहर्ट्झ. त्यामुळे त्याचे बहुतेक गेम पीएसपीवर व्यवस्थित चालतात. त्याआधीच्या ‘एनईएस’चे चित्र २४० ओळींचे आणि पीएसपीचा पडदा २७२ ओळींचा. त्यामुळे चित्र न ताणता जवळजवळ पडद्याच्या उंचीभर बसते. शिवाय बटणे खरीखुरी. मोबाइलच्या काचेवर अंगठा ठेवला की निम्मा मारिओ झाकला जातो, तसे इथे होत नाही.

सगळे इतके सोपे मात्र नाही. ‘सुपर निन्टेंडो’चा प्रोसेसर जेमतेम ३.६ मेगाहर्ट्झचा, तरी त्याचे गेम पीएसपीला जड जातात. कारण त्या यंत्रात चित्रासाठी वेगळी चिप आणि आवाजासाठी वेगळा प्रोसेसर होता. ‘स्टार फॉक्स’सारख्या गेमच्या तर कॅसेटमध्येच आणखी एक चिप बसवलेली होती. या सगळ्यांचा ताल एकाच प्रोसेसरने सांभाळायचा म्हटल्यावर दमछाक होतेच. मग एम्युलेटर मधली काही चित्रे गाळून वेळ मारून नेतो. खेळ अडखळू लागला तर यंत्र बिघडले असे समजू नये.

सोनीनेही तेच केले

एम्युलेशनलाच चोरी म्हणणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. २००६ मध्ये खुद्द सोनीने पीएसपीच्या अंतर्गत सॉफ्टवेअरमध्ये पहिल्या प्लेस्टेशनचा एम्युलेटर घातला आणि जुने गेम ऑनलाइन दुकानातून नव्याने विकले. त्याआधी याच सोनीने प्लेस्टेशनचा एम्युलेटर विकणाऱ्या ‘कनेक्टिक्स’ या कंपनीला न्यायालयात खेचले होते. २००० मध्ये अमेरिकेच्या अपील न्यायालयाने कनेक्टिक्सच्या बाजूने कौल दिला. एम्युलेटर बनवण्यासाठी मूळ यंत्राचे सॉफ्टवेअर अभ्यासणे हा उचित वापर ठरला. पुढच्याच वर्षी सोनीने तो एम्युलेटर विकत घेऊन बंद केला, हा भाग निराळा.

म्हणजे वाद यंत्राच्या सोंगाचा नाही, गेमच्या फाइलचा आहे. ‘रॉम’ म्हणून ओळखली जाणारी ही फाइल इंटरनेटवरून फुकट उतरवली तर तो हक्कभंगच होतो, गेम कितीही जुना असो. भारतीय कॉपीराइट कायद्यात संगणक प्रणाली ही ‘साहित्यकृती’ मानली जाते आणि साहित्यकृतीचे हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतात. व्हिडिओ गेमचा उद्योगही अजून तेवढा म्हातारा झालेला नाही! हजारो गेम आधीच भरून विकली जाणारी स्वस्त यंत्रे तर दुसऱ्याच्या मालावर उघड धंदा करतात. जतनाची भाषा त्यांच्या तोंडी शोभत नाही. (आपल्याकडे नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडून खेळले जाणारे बहुतेक गेमही निन्टेंडोच्या यंत्राची नक्कलच होते. ‘९९९९ इन १’ कॅसेटमध्ये तेच ते मोजके गेम पुन्हा पुन्हा यायचे.)

विकत घेतलेल्या गेमची गोष्ट वेगळी. कायद्याचे कलम ५२ कायदेशीर प्रत बाळगणाऱ्याला नुकसानीपासून संरक्षण म्हणून संगणक प्रणालीची राखीव प्रत करू देते.

जुने गेम घ्यायचे तरी कुठून?

इथेच खरी अडचण आहे. ‘व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन’ने २०२३ मध्ये केलेल्या पाहणीनुसार, २०१० पूर्वी अमेरिकेत आलेल्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात कोणत्याही अधिकृत स्वरूपात मिळत नाहीत. त्याच वर्षी २७ मार्चला निन्टेंडोने ‘थ्रीडीएस’ आणि ‘वी यू’ची ऑनलाइन दुकाने बंद केली. त्यानंतर तिथे नवी खरेदी करता येत नाही. कंपनी विकत नाही आणि दुसऱ्याने जपले तर हरकत घेते, अशी ही कोंडी आहे.

ही कोंडी ग्रंथालये आणि संग्रहालये फोडू शकतात. पण आपला कायदा तिथेही अर्धवट आहे. २०१२ च्या दुरुस्तीने बिगरव्यावसायिक सार्वजनिक ग्रंथालयांना जतनासाठी कलाकृती इलेक्ट्रॉनिक स्वरूपात साठवण्याची मुभा दिली. अट एकच : ग्रंथालयाकडे त्या कृतीची ‘डिजिटल नसलेली’ प्रत आधीपासून हवी. पुस्तकाच्या बाबतीत हे ठीक. पण गेमची डिस्क किंवा कॅसेट मुळातच डिजिटल असते. तिची डिजिटल नसलेली प्रत आणायची कुठून? कागद वाचवणारे हे कलम सडत चाललेली डिस्क वाचवायला उपयोगी नाही. ही अट शिथिल करून ग्रंथालयाच्या आवारातच अभ्यासकांना गेम वापरू दिले, तर एकाही कंपनीचे दुकान बुडणार नाही.

तोपर्यंत जपणूक हौशी लोकांच्या भरवशावर चालेल. तुमच्या कपाटात पीएसपी असेल तर चार्जरला लावण्याआधी मागचे झाकण उघडून बॅटरी पाहा. जुन्या बॅटऱ्या फुगतात. फुगलेली बॅटरी दाबू नका, टोचू नका आणि चार्ज तर मुळीच करू नका. ती ई-कचरा केंद्रात द्या. मूळ मेमरी स्टिक मिळाली नाही, तर मायक्रोएसडी कार्ड बसणारा अ‍ॅडॉप्टर चालतो. आणि जुने कार्ड सापडलेच, तर त्यावरच्या सेव्ह फाइल आधी संगणकावर उतरवून घ्या. अर्धवट सोडलेले खेळ बहुधा अजून तिथेच असतील.